पुढच्या आसनावरची दोन पोती

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात जुन्या गाड्यांचे व्यापारी मोहनशेठ यांनी आपल्या धंद्याच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यांतले दीड पान त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवले. त्या दीड पानात माझ्याविषयी तीन विधाने आहेत. मी वाळूच्या पोत्यांशी गप्पा मारीत असे, हे पहिले. माझे जुने सहकारी बशीरभाई यांना मी भर बाजारात गाडीतून खाली उतरवले, हे दुसरे. आणि त्यांच्या गाडीचा आकडा आकसाने कमी लिहून मी त्यांचा धंदा बसवला, हे तिसरे. संपादकांनी उत्तरासाठी पाने देऊ केली, ती मी तत्काळ स्वीकारली. तिन्ही विधाने खोटी आहेत. मात्र तिसरे ज्या रीतीने खोटे आहे, त्याची मोहनशेठना कल्पना नाही. या भाद्रपदापर्यंत ती मलाही नव्हती.

आधी माझा व्यवसाय सांगतो. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मी सव्वीस वर्षे मोठ्या गाड्यांचे मूल्यमापन केले. लहान मोटारी मी घेत नसे. सात-आठ माणसे बसणाऱ्या, घाटात आणि चिखलात न अडणाऱ्या, जीपच्या वंशातल्या दांडग्या गाड्या हा माझा विषय. वाळूजला कारखाने वाढले, आजूबाजूच्या जमिनी गेल्या, आणि कालपर्यंत ज्या दारात बैलगाडी होती त्या दारात एकदम अशी गाडी उभी राहू लागली. दोन-चार वर्षांनी ती विकायला निघे. तेव्हा घेणारा, विकणारा आणि कर्ज देणारी बँक, तिघांनाही मान्य होईल असा कागद मी देत असे. एक पान, बारा ओळी, खाली सही-शिक्का.

त्या पानावर लोक दोनच गोष्टी वाचत. एक किंमत आणि दुसरा ॲव्हरेज, म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा. मी तिथे 'इंधन-सरासरी' असे लिहीत असे, आणि प्रत्येक गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून "म्हंजी ॲव्हरेज का?" असे विचारीत असे.

किंमत ठरवताना मी बॉनेट सर्वांत शेवटी उघडत असे. बॉनेटखाली सगळेच धुऊन-पुसून ठेवतात. ब्रेकच्या पायपट्टीचे, म्हणजे पेडलचे, रबर कोणी धूत नाही. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि रबर मात्र घासून गुळगुळीत, असे दिसले की मीटर मागे फिरवला आहे हे समजावे. नंतर मी तिसऱ्या रांगेत जाऊन खाली वाकून बघत असे. गाडीचे खरे आयुष्य तिथे साठलेले असते. एका पाटलांच्या गाडीत मला तिथे मोड आलेली तूर मिळाली. गाडीत माणसांशिवाय काही भरलेच नाही, असे ते शपथेवर सांगत होते.

"मग ही तूर?"

"ती आधीच्या मालकाची आसंल, सायब."

गाडीचे पहिले मालक तेच होते.

इंधनाची परीक्षा याहून अवघड. टाकी गळ्यापर्यंत भरायची, ठरावीक अंतर चालवायची, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नळीने, जमिनीवरच्या त्याच खुणेवर गाडी उभी करून भरायची. दुसऱ्या वेळी जितके डिझेल मावले तितके जळले. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु मोठ्या गाडीची टाकी मोठी असते, तिच्या कोपऱ्यात हवा अडकते, आणि गाडी गदागदा हलवली की आणखी दोन-तीन लिटर सहज आत जाते. गंगापूरकडचे दोन भाऊ पहिल्या भरणीला गाडीच्या दोन्ही अंगांना उभे राहून ती पाळण्यासारखी झुलवू लागले. परतल्यावर मात्र दोघेही हात बांधून लांब उभे. मी म्हणालो, "आता झोपवा की बाळाला." थोरला धाकट्याकडे बघू लागला. मग मी स्वतः ती गाडी हलवली, आणि त्यांचा बारा-तेराचा ॲव्हरेज दहाच्या खाली आला. अशा अनुभवांनी मला चाचणीचे नियम शिकवले, आणि ते मी कोणासाठीही वाकवले नाहीत.

अंतरासाठी माझा रस्ता खुलताबादचा. पंपापासून घाट चढून खुलताबादच्या पुढे एका ठरलेल्या मैलाच्या दगडापर्यंत पन्नास किलोमीटर आणि परत पन्नास. तो रस्ता मी अनेक गाड्यांनी पुन्हा पुन्हा मोजून पक्का केला होता. त्यामुळे परीक्षेच्या गाडीचा मीटर काय सांगतो, याच्याशी मला कर्तव्य नसे. मीटर हा विकणाऱ्याचा साक्षीदार, दगड हा माझा.

राहिला भाराचा प्रश्न. मोठी गाडी रिकामी चालवून तिची सरासरी काढणे म्हणजे उपाशी बैलाची चाल बघून त्याला विकत घेणे. ती भरलेलीच चालवली पाहिजे. त्यासाठी मी ताडपत्रीची बारा पोती शिवून घेतली, प्रत्येकात बरोबर तीस किलो वाळू. एका आसनावर दोन पोती ठेवायची आणि वरून पट्टा आवळायचा. माणूस का नको? कारण माणूस मध्येच पाय पसरतो, काच खाली करतो आणि चहाला थांबा म्हणतो. पोते यातले काही करीत नाही.

हे कारण मी पुढे वर्षानुवर्षे सर्वांना सांगितले. ते खरे आहे, पण पहिली काही वर्षे माझ्या शेजारी पोती नव्हती. बशीरभाई होते.

बशीरभाई खुलताबादचे. जुन्या गाड्यांची मध्यस्थी करीत, आणि पुढे शहरात त्यांनी स्वतःचे लहानसे दुकान थाटले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गाडीचे मर्म ओळखण्यात माझ्यानंतर या जिल्ह्यात त्यांचाच क्रम लागे. मोहनशेठनी हा क्रम उलटा लावला आहे, त्याकडे मी दुर्लक्ष करतो. चाचणीच्या वेळी ते पुढच्या आसनावर वही घेऊन बसत. मी दगड बघून आकडा सांगायचा आणि त्यांनी टिपायचा. त्यांचा कान विलक्षण होता. घाटाच्या पायथ्याशीच हात वर करून म्हणायचे, "ठहरो साब. डाव्या चाकाचं बेअरिंग गातंय." उतरून बघावे तर खरोखर ते गात असे. वर पोचल्यावर ते त्यांच्या घरासमोर गाडी थांबवायला लावत नसत. नियम त्यांनाही ठाऊक होता. फक्त खिडकीतून हात हलवत.

पुढे वाळूजच्या एका कारखानदाराने आक्षेप घेतला. चाचणीच्या गाडीत गाड्यांचा व्यापारी बसतो, मग हा अहवाल निःपक्षपाती कसा? आक्षेप अपमानकारक होता, पण तर्काला धरून होता. मी त्याच आठवड्यात पोती शिवायला टाकली.

आता मोहनशेठचे दुसरे विधान. मी बशीरभाईंना गाडीतून उतरवले नाही. घडले ते असे. चाचणीच्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे वही घेऊन पंपावर आले आणि त्यांनी पुढचे दार उघडले. आसनावर दोन पोती होती, पट्टा लावलेला होता. त्यांनी पोत्यांकडे बघितले, मग माझ्याकडे. मी किल्ली फिरवली. ते हसले आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा शिस्तीत बसलंय." वही त्यांनी पोत्यांवर ठेवली आणि दार अगदी हलक्या हाताने लावले. मोठ्या गाडीचे दार हलक्या हाताने लागत नाही, ते पुन्हा ओढावे लागते. ते मी आतून ओढले. मी त्यांना एक शब्दही बोललो नाही. मोहनशेठ तेथे हजर नव्हते.

त्यानंतर मी एकटाच चाचण्या घेतल्या. काचा बंद, रेडिओ बंद, मागे दहा पोती, शेजारी दोन. वही धरायला कोणी नसल्यामुळे प्रत्येक दगडापाशी मी आकडा मोठ्याने उच्चारीत असे, म्हणजे तो लक्षात राहतो. काच लावलेल्या गाडीत कोणाचे ओठ हलताना दिसले तर बघणाऱ्याने काय समजावे, हा बघणाऱ्याचा प्रश्न आहे. घाटात एकदा मी "बघितलंत? तिसऱ्या गिअरवर चढली," असे म्हणालो, हे मात्र खरे. ते मी पोत्याला उद्देशून म्हणालो नव्हतो.

तिसऱ्या विधानाकडे येतो. चितेगावचे कडुबा पाटील यांची काही जमीन कारखान्यात गेली होती आणि त्यांना मोठी गाडी घ्यायची होती. बशीरभाईंनी त्यांना आपल्याकडची एक गाडी दाखवली आणि साडेनऊचा ॲव्हरेज देते असा शब्द दिला. आमच्या बाजारात शब्दावरच सौदे होत. कडुबा पाटील म्हणाले, "शब्द तुमचा, बशीरभाई, पर आकडा कागदावर पायजे." तेव्हा बशीरभाईंनीच माझे नाव सुचवले. मला आकस असता तर त्यांनी ते सुचवले असते का, याचा विचार मोहनशेठनी करायला हवा होता.

ते गाडी घेऊन पंपावर आले. पोती लादायला त्यांनी मला हातभार लावला. बाराही पोती बसली, तशी कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "साब, आज मी येऊ का बरोबर? पुढची दोन काढून ठेवू."

मी म्हणालो, "विकणारा गाडीत बसत नाही."

"व्हय. ते बी खरंच," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

खुलताबादचा उरूस चालू होता. घाटात गाड्यांची रांग असणार आणि थांबत-चालत घेतलेली परीक्षा फसवी ठरणार, म्हणून मी पैठणचा रस्ता धरला. नदी ओलांडून थोडा पुढे गेलो आणि परतलो. तो रस्ता तेव्हा रुंद होत होता. अंतराचे दगड उपटून कडेला ढिगाने पडले होते. मला मीटरवर अवलंबून राहावे लागले. मीटरने एकशे पंचवीस किलोमीटर दाखवले. टाकीत चौदा लिटर मावले. भागाकार आठ पूर्णांक नऊ. मी तो तीनदा केला.

बशीरभाईंच्या दुकानात मी अहवाल पाटलांच्या हाती दिला. त्यांनी अकराव्या ओळीवर बोट ठेवले. "नऊ बी नाय? मंग साडेनऊ कुठून आलं, बशीरभाई?" दुकानात आणखी चार गिऱ्हाइके बसली होती. बशीरभाईंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला. मला वाटले ते वाद घालतील, आणि मी त्यासाठी सज्ज होतो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "सायबांचा आकडा हाये. मी काय बोलू?"

ती मी कबुली समजलो.

बशीर बोलतो एक आणि गाडी देते एक, हे चितेगावपासून वाळूजपर्यंत महिन्याभरात पसरले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी दुकान आवरले आणि ते खुलताबादला घरच्या शेतीवर गेले. मी त्यांना भेटलो नाही. ज्याने मध्यस्थ असून वाढवून शब्द दिला, त्याला भेटण्याचे मला कारण दिसत नव्हते. चाचण्यांसाठी मात्र मी पुढेही कित्येक वर्षे त्यांच्या गावातून जात राहिलो. एक-दोनदा ते रस्त्याच्या कडेला उभे दिसले. त्यांनी हात हलवला नाही. मीही दगड मोजत होतो.

मोहनशेठचा लेख आल्यावर मी ठरवले की मूळ अहवालच छापायला द्यायचा. माझ्याकडे प्रत्येक अहवालाची कार्बन प्रत आहे. पत्नी गेल्यापासून घरात बोलणारे कोणी नाही, त्यामुळे जुने गठ्ठे काढून बसायला मला दिवसाचा कोणताही वेळ चालतो. तिसऱ्या दिवशी ती प्रत सापडली. अकरावी ओळ स्वच्छ वाचता येत होती: आठ पूर्णांक नऊ. मी समाधानाने पहिल्यापासून वाचू लागलो आणि चौथ्या ओळीवर थांबलो. माझ्याच अक्षरात तिथे लिहिले होते: 'चारही टायर नवीन, मूळ मापापेक्षा दोन इंच उंच, त्यामुळे किमतीत वाढ धरली आहे.'

ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. मूळचे चाक लहान आहे असे गृहीत धरून तो अंतर लावतो. चाक मोठे घातले की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला ते कळत नाही. त्या दिवशी मीटर एकशे पंचवीस म्हणाला तेव्हा गाडी सुमारे एकशे चौतीस किलोमीटर धावली होती. चौदा लिटरमध्ये. कोणीही भागाकार करून पाहावा. साडेनऊच्या किंचित वरच येतो.

म्हणजे चौथ्या ओळीत टायर मोठे म्हणून मी किंमत वाढवली होती, आणि त्याच पानावर सात ओळी खाली ते टायर विसरलो होतो. दगड असते तर हे घडले नसते. शेजारी वही धरून बशीरभाई बसले असते तरी घडले नसते. घाटाच्या पायथ्यापर्यंतही जावे लागले नसते. पंपावरून निघतानाच हात वर झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलताबादला गेलो. माझी स्वतःची गाडी आता लहान आहे. बशीरभाई अंगणात खाटेवर बसले होते. गुडघे गेले आहेत, आवाज तसाच आहे.

"आओ, साब. रस्ता चुकलात काय?"

मी कार्बन प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीही नाही.

"चौथी ओळ आन अकरावी ओळ," ते म्हणाले.

त्यांनी खाटेवर जागा करून दिली.

"तुम्हांला हे कधी समजले?"

"तवाच. दुकानात वाचलं तवाच. ते टायर मीच टाकले होते, साब."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मान्य केलं असतं?"

उत्तर त्यांनीच दिले.

"नाय. तुम्ही भांडला असता. चार गिऱ्हाइकांसमोर. मंग मी टायर मोजून दाखवला असता, आन तुमचा कागद बाजारात कवडीचा झाला असता. माझा शब्द गेला तर एक दुकान जातं. तुमचा आकडा गेला तर लोकांनी कुणाला विचारायचं? आन खरं सांगू का? राग बी लई होता. माझ्या जागी रेती बसवली तुम्ही, बोललात बी नाही. म्हनलं, सापडू दे ह्यांना कधी तरी आपलं आपण. एवढी वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं. तुम्ही तर हुशार माणूस."

मी क्षमा मागण्यासाठी एक वाक्य तयार करून नेले होते. ते मी म्हणालो. त्यांनी हात हलवला, माशी वारावी तसा.

"ते राहू द्या. कागदावर द्या."

म्हणून ते येथे देतो. कडुबा पाटील आज हयात नाहीत, परंतु ज्यांनी तो अहवाल त्या काळी वाचला किंवा ऐकला, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती: ओळ अकरा, आठ पूर्णांक नऊ याऐवजी साडेनऊ वाचावे. बशीरभाईंनी दिलेला शब्द खरा होता. चूक मूल्यमापकाची. आकस नव्हता, आकस असता तर मी अधिक काळजीपूर्वक मोजले असते. मोहनशेठनी माझ्यावर आरोप केला, पण त्यांना चुकीचा आरोप सापडला. योग्य आरोप मीच शोधला आणि सिद्धही मीच केला, याची नोंद व्हावी.

निघताना बशीरभाई खाटेचा आधार घेत उठले. मी म्हणालो, "चला खाली शहरात. संध्याकाळी आणून सोडतो." ते माझ्या गाडीच्या बुटक्या दाराकडे बघून म्हणाले, "ह्या गुडघ्यांनी? बसलो तर निघायचो नाय." मग त्यांनी घरातून हंगामाच्या पहिल्या सीताफळांची टोपली मागवली, ती स्वतःच्या हाताने पुढच्या आसनावर ठेवली, आणि वाकवत नसताना वाकून तिच्यावरून पट्टा ओढून लावला.

"वजन करून घ्या," ते म्हणाले. दार त्यांनी जोरात लावले. एकाच झटक्यात बसले.

घाट उतरताना टोपली हलली नाही. मी एकही दगड मोजला नाही. सवयीने मी म्हणत आलो आहे की रिकामी गाडी लिटरमागे जास्त जाते, आणि कितीतरी मालकांना तो मी गाडीचा गुण म्हणून सांगितला आहे. ते गणित अजूनही बरोबर आहे.

सीताफळे चार दिवसांत संपली. काही मी खाल्ली, बरीचशी पिकून वाया गेली, कारण एका माणसासाठी ती फार होती. टोपली दारामागे आहे. तिचे वजन मी केले नाही. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि तिच्यात घालावे असे माझ्या घरात काही नाही. हा अंक छापून आला की त्याची एक प्रत टोपलीत ठेवून मी खुलताबादला जाईन. अंतर मला पाठ आहे. मीटर बघावा लागणार नाही.